काटापावत्यांचे फोटो डेटाबेसात कोंबले, आता डेटाबेस नवी नोंद घेईना

केळीचं खोड
मंडळी, सावद्याहून लिहितोय. इथल्या एका केळी व्यापाऱ्याकडे मी करून दिलेलं सॉफ्टवेअर दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. गाडी काट्यावरून आली की काटापावतीचा एक फोटो, भरलेल्या गाडीचा एक फोटो, दोन्ही मोबाइलवरून काढायचे आणि त्या गाडीच्या नोंदीला जोडायचे. कारण साधं आहे. आठ दिवसांनी हिशोबाची पट्टी हातात पडते आणि शेतकरी म्हणतो, माझं वजन एवढं कमी कसं? मग मुनीमजी स्क्रीनवर पावती दाखवतात आणि चहा मागवतात.

परवा संध्याकाळी सात गाड्या रांगेत उभ्या आणि स्क्रीनवर लाल अक्षरं: प्रायमरी फाइलग्रुप (डेटाबेसच्या फाइलींचा मुख्य गट) भरला, डेटाबेसची मर्यादा १०,२४० एमबी. एकही नोंद आत जाईना. मुनीमजींनी लाल वही काढली आणि गाड्या सोडल्या. शेठ रागावले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "आमची वही भरली का आम्ही दुसरी वही घेतो रे भो."

तपशील: एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती, २०१९ ची. 'गाडी' नावाचं एक टेबल, त्यातच फोटोंसाठी व्हारबायनरी मॅक्सचे (कच्चे बाइट ठेवायच्या प्रकाराचे) दोन कॉलम. गाड्या १२,६४०, फोटो २५,१९३, एकेक फोटो सरासरी ४०० केबी. फोटो डेटाबेसातच ठेवावेत की फोल्डरात, यावर नेटवर वाचावं तितकी मतं आहेत. तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.

चुलीवरचं भरीत
जागा नाही म्हणतो ना? मग बाहेर अंगणात बाज टाका. मे महिन्यात आमच्याकडे पाहुण्यांचं तेच करतात.

मेहरूणची बोरं
खोडभाऊ, आधी गाड्या सुरू करा, तत्त्वज्ञान नंतर.

तुमचे शेठ बरोबर बोलले. दुसरी वही घ्या. एक्सप्रेसची १० जीबीची मर्यादा एका डेटाबेसला असते, अख्ख्या सर्व्हरला नाही, आणि लॉग फाइल, म्हणजे बदलांची नोंदवही, त्यात धरत नाहीत. त्याच सर्व्हरवर 'फोटो' नावाचा दुसरा डेटाबेस उघडा, त्यात एक टेबल: गाडीचा क्रमांक, फोटोचा प्रकार, फोटो. आजपासूनचे फोटो तिथे जाऊ द्या. एकाच सर्व्हरवरच्या दोन डेटाबेसांत एक ट्रान्झॅक्शन नीट चालतं, म्हणजे नोंद गेली आणि फोटो राहिला असं होणार नाही. फॉरिन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणारा नियम) मात्र दोन डेटाबेसांमध्ये लावता येत नाही, ती राखण तुम्हालाच करावी लागेल. आणि बॅकअप दोन्हींचा, एकापाठोपाठ एक.

हे मलम आहे, औषध नाही. पण काही हजार फोटो आत जायला लगेच जागा पाहिजे ना, जुन्या डेटाबेसात ते एरवी कुठे मावणार? नव्या २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये मर्यादा ५० जीबी केली आहे, पण तुमच्या टेबलाची बांधणी आहे तशी ठेवून तिकडे गेलात तर हाच धागा काही वर्षांनी पुन्हा काढाल.

आता दोन प्रश्न. फोटो सोडून बाकी हिशोबाचा डेटा किती आहे? आणि दिवसभराच्या गाड्यांची यादी उघडायला किती वेळ लागतो?

केळीचं खोड
ताई, दुसरा डेटाबेस रात्रीच केला, सकाळी गाड्या सुरू. मनापासून आभार.

फोटो सोडून सगळा डेटा इंडेक्ससकट ४० एमबीच्या आत आहे. मोजला तेव्हा मलाच खरं वाटेना.

यादीचं विचारू नका. एका दिवसाची पटकन येते, पण महिन्याची, म्हणजे पाचेकशे गाड्यांची यादी टाकली की मुनीमजी उठून पाणी पिऊन येतात. ४० सेकंद. मागच्या वर्षी मी रॅम ८ ची १६ करून घेतली, शेठच्या खर्चाने. ढिम्म फरक नाही.

मेहरूणची बोरं
म्हणजे सिलेक्ट स्टार, सगळे कॉलम मागणारी क्वेरी. हो ना?

पाचशे गाड्या गुणिले दोन फोटो गुणिले ४०० केबी. जवळजवळ ३९० एमबी तुम्ही वायफायवरून ओढता, कशासाठी, तर गाडी नंबर आणि वजन दाखवायला. फोटो यादीत दिसतसुद्धा नाहीत.

आणि रॅमचं: एक्सप्रेस पानं धरून ठेवायला जास्तीत जास्त १,४१० एमबी वापरतो. मशीनमध्ये १६ टाका नाहीतर ६४, तो तेवढ्यातच राहणार. त्यात काय असायला हवं? तुमचा ४० एमबीचा हिशोब, तो तर अख्खा मावतो. पण प्रत्येक यादीला फोटोंची पानं आत शिरतात आणि हिशोबाची पानं बाहेर पडतात. डेटाबेस सगळं ८ केबीच्या पानांत मांडतो, मोठ्या फोटोच्या एका पानात ८,०४० बाइट जातात. एक फोटो म्हणजे ५१ पानं. एक गाडी म्हणजे शंभरावर पानं. ओळ स्वतः मात्र एका पानाच्या कोपऱ्यात मावेल एवढी.

यादीच्या क्वेरीत कॉलमांची नावं लिहा, फोटोचे दोन वगळा. आजच करा, दहा मिनिटांचं काम आहे.

केळीचं खोड
केलं. ४० सेकंदांचं अर्ध्या सेकंदावर आलं. मुनीमजी विचारताहेत, पाणी प्यायला कधी उठायचं.

रॅमचं शेठला सांगितलेलं नाही.

पांझराकाठ
धुळ्याहून रामराम. माझी गोष्ट याच्या उलटी, जागा भरपूर होती पण माल अर्धाच जात होता.

एका शाळेची ओळखपत्रं करत होतो, मायएसक्यूएल या डेटाबेसवर. फोटोच्या कॉलमला प्रकार दिला ब्लॉब. नावच ब्लॉब, म्हणजे मोठ्यासाठीच असणार, असा माझा भाबडा हिशोब. शेदीडशे पोरांचे फोटो छान गेले. मग शाळेने नवा मोबाइल घेतला आणि पुढच्या वर्गाची ओळखपत्रं आली तर सगळ्या पोरांना डोकं आहे, मान आहे, शर्ट नाही. छातीपासून खाली नुसता राखाडी पट्टा. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, गणवेश दिसला पाहिजे. मी म्हटलं बाई, मलाही तेच पाहिजे.

दोन दिवस प्रिंटरला शिव्या घातल्या. मग प्रत्येक फोटोची लांबी काढली: ६५,५३५. सगळ्यांची, एक बाइट इकडेतिकडे नाही. मायएसक्यूएलमध्ये टायनीब्लॉब २५५ बाइट, साधा ब्लॉब ६५,५३५, मीडियमब्लॉब १६ एमबी, लाँगब्लॉब ४ जीबी. माझ्या जुन्या सर्व्हरवर स्ट्रिक्ट मोड बंद होता, म्हणून जास्तीचं गुपचूप कापून आत घेत होता. जेपेग वरून खाली उलगडत जातो, म्हणून डोकं राहिलं. ५.७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू असतो, आता सरळ त्रुटी येते. गेलेले शर्ट मात्र परत आले नाहीत, पोरांना पुन्हा रांगेत उभं केलं.

मीडियमब्लॉब केल्यावर पुढची भिंत मॅक्स अलाउड पॅकेट. एका निरोपात किती मोठा माल चालेल त्याची ती मर्यादा. ५.७ मध्ये ४ एमबी, ८.० मध्ये ६४ एमबी. ती सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे बघावी लागते, एकीकडे वाढवून भागत नाही.

खोडभाऊ, तुमच्याकडे हा घोळ नाही, व्हारबायनरी मॅक्स २ जीबीपर्यंत घेतो. पण लांबी तपासायची सवय लावून घ्या.

चुलीवरचं भरीत
माले काहीच समजनं नही, पन वाचाले मज्या ई ऱ्हायनी. हे ब्लॉब ब्लॉब काय शे? मराठीत काय म्हणायचं याला?

भुसावळ यार्ड
भरीतराव, ब्लॉब म्हणजे ज्याच्या आत काय आहे याच्याशी डेटाबेसला देणंघेणं नाही असा बाइटांचा गोळा. फोटो असो, गाणं असो, पीडीएफ असो. डेक या जुन्या संगणक कंपनीतल्या जिम स्टार्की यांनी हे नाव वापरात आणलं. बायनरी लार्ज ऑब्जेक्ट हा थाटाचा विस्तार नंतर चिकटवलेला, मूळ शब्द नुसता बेढब गोळा या अर्थाचा.

मराठीत माझ्या मते 'बोचकं'. यार्डात बोचकं उतरवताना आत काय आहे हे हमाल विचारत नाही, वजन विचारतो.

मोडीवेडा
बोचकं झकास. मी तर 'दप्तर' म्हणणार होतो, पण दप्तर उघडून वाचायचं असतं.

मेहरूणची बोरं
बोचकं मंजूर. पुढे चला.

भुसावळ यार्ड
आता फोल्डरवाल्यांसाठी माझी कहाणी. १९९९ ते २००३ मी व्हीबी सहावर (व्हिज्युअल बेसिक) कामं केली. फोटो ॲक्सेसच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या छोट्या डेटाबेसच्या, ओएलई कॉलमात. अख्खी फाइल २ जीबीवर गेली की ॲक्सेस हात वर करतो, हे एक. दुसरं, ओएलई प्रत्येक चित्राच्या पुढे आपली स्वतःची टोपी चढवतो. फोटो बाहेर काढला की कुठलाच प्रोग्राम उघडत नाही. टोपी कापल्याशिवाय आत चित्र आहे हे कळत नाही.

त्याला वैतागून फोल्डराकडे गेलो. टेबलात फक्त पत्ता: डी ड्राइव्ह, फोटो, अमुक. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! मग गिऱ्हाइकाने संगणक बदलला, नव्यात डी ही सीडीची चकती निघाली. सगळे पत्ते चुकले. ते सुधारलं तर दिवाळीच्या साफसफाईत कोणी पोराने 'जुने फोटो' म्हणून एक फोल्डरच उडवलं. डेटाबेसचा बॅकअप रोज होता, ठणठणीत. त्यात काय होतं? पत्ते. घर जळालं आणि पोस्टमनकडे यादी शिल्लक.

म्हणून खोडभाऊ, फोल्डरात जाल तर पूर्ण पत्ता टेबलात लिहू नका. मुळाचं ठिकाण एका सेटिंगमध्ये, टेबलात त्यापुढचं तेवढं.

मोडीवेडा
माझ्याकडे घरातली मोडी कागदपत्रं आहेत, पणजोबांनी जपलेली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं मंडळ अजून तिथे उभं आहे. त्या गावाजवळ राहून कागद वाळवीला घालणं बरं दिसत नाही म्हणून स्कॅन करायला बसलो. ए-फोर कागद, ६०० डीपीआय, रंगीत, न दाबता: ४,९६० गुणिले ७,०१६ गुणिले ३, म्हणजे १० कोटी ४३ लाख बाइट. एक पान १०० एमबीच्या घरात. तुमची अडीचशे बोचकी म्हणजे माझं एक.

मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. तिथे दोन वाटा. बायटी कॉलम: १ जीबीपर्यंत, ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की मोठा माल आपोआप कापून शेजारच्या टोस्ट टेबलात ठेवला जातो, आपल्याला कळतही नाही. सोपं, पण वाचताना सहसा अख्खं बोचकं स्मृतीत येतं. दुसरी लार्ज ऑब्जेक्टची: ९.३ आवृत्तीपासून ४ टीबीपर्यंत, आणि फाइलीसारखं मधूनच उघडून हवा तेवढा तुकडा वाचता येतो. मोठ्या स्कॅनमधला एक कोपरा दाखवायचा तर हे सोयीचं, म्हणून मी दुसरी धरली.

आणि फसलो. टेबलात फक्त त्या वस्तूचा क्रमांक असतो. ओळ पुसली तरी वस्तू तशीच राहते, ती वेगळी पुसावी लागते. वर्षभर मी वाकडे स्कॅन पुसून नवे टाकत होतो आणि डिस्क फुगत होती. व्हॅक्यूमएलओ नावाचं अवजार चालवलं तेव्हा बेवारस वस्तूंचा ढीग निघाला. भुसावळकरांच्या फोल्डराचा रोग डेटाबेसच्या आतही होतो, एवढंच सांगायचं होतं.

शेवटी मूळ स्कॅन फोल्डरात, आणि बघायची लहान प्रत, दीडशे केबीची, बायटीत. सहा महिने झाले, झोप लागते.

केळीचं खोड
सगळं वाचतोय. पण माझा ४०० केबीचा फोटो कुठल्या पारड्यात?

मेहरूणची बोरं
अगदी उंबऱ्यावर. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी, जिम ग्रे त्यांत होते, एक निबंध लिहिला होता. एसक्यूएल सर्व्हर आणि एनटीएफएस (विंडोजची फाइलव्यवस्था) फाइल यांची मोजमापं करून त्यांनी सांगितलं: २५६ केबीच्या खाली डेटाबेस सरस, १ एमबीच्या वर फाइल सरस, मधलं तुम्ही त्यावर किती वेळा लिहिता-बदलता यावर. तेव्हाच्या डिस्क वेगळ्या होत्या, म्हणून आकडे जसेच्या तसे घेऊ नका, पण कल तोच आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवाल्यांनी तर १० केबीच्या बोचक्यांवर मोजून दाखवलं की सुट्या फाइलींपेक्षा त्यांचा डेटाबेस ३५ टक्के वेगवान. हजारो फाइली उघडण्या-मिटण्याचा खर्च असतो तो.

वेगाचं सोडा. तुमच्याकडे दिवसाला १८ गाड्या, कोणत्याही वाटेने गेलात तरी वेग पुरेल. मला विचाराल तर खरा प्रश्न हा, की ओळ आणि फोटो यांची ताटातूट झाली तर ती कोणाला कळेल, आणि कधी.

म्हणून माझं मत एसक्यूएल सर्व्हरमधल्याच फाइलस्ट्रीम या सोयीला. २००८ पासून आहे, एक्सप्रेसमध्येही चालतो. फोटो डिस्कवर फाइल म्हणून राहतात पण मालक डेटाबेसच. ट्रान्झॅक्शन एक, बॅकअप एक, आणि तो माल १० जीबीत धरला जात नाही. तीन गोष्टी लागतात: कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करणं, वेगळा फाइलग्रुप, आणि टेबलात रोगाइडकॉल (ओळीची ओळख सांगणारा शिक्का) लावलेला एक युनिक कॉलम. त्या फोल्डरात कोणी हात घालायचा नाही, बस.

केळीचं खोड
ताई, फाइलस्ट्रीम समजला, आवडलाही. पण शेठच्या पोराच्या डोक्यात पुढच्या वर्षी सगळं पोस्टग्रेसवर न्यायचं आहे. मग हे पुन्हा सोडवत बसावं लागेल. साध्या फाइली बऱ्या वाटतात.

मेहरूणची बोरं
पटत नाही, पण तुमचं घर तुम्ही बांधा. मग क्रम तरी पाळा.

जोडताना आधी फाइल, मग ओळ. फाइल तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की खरं नाव द्या, त्यानंतर टेबलात ओळ. मध्येच लाइट गेली तर फार तर एक बेवारस फाइल उरेल, ती रात्री झाडून टाकता येते. उलटं केलंत तर ओळ आहे आणि फोटो नाही, आणि हे मुनीमजींना शेतकऱ्यासमोर कळेल. पुसताना उलट: आधी ओळ, मग सावकाश फाइल.

नाव फोटोच्या शा-२५६ हॅशचं द्या, म्हणजे त्याच्या बाइटांवरून काढलेल्या ठशाचं. ६४ अक्षरं येतात. पहिल्या दोन अक्षरांचं उपफोल्डर केलं की २५६ फोल्डरांत माल वाटला जातो, २५ हजार फाइली एकाच खोलीत कोंबायला नकोत. फाइल बदलली की हॅश जुळत नाही, लगेच पकडता येते. टेबलात हॅश आणि लांबी दोन्ही ठेवा.

आणि जुने फोटो बाहेर काढताना एकेक अख्खा बाइट-ॲरेमध्ये ओढू नका. डॉटनेटचा रीडर सिक्वेन्शियल ॲक्सेस, म्हणजे क्रमाने वाचायच्या मोडमध्ये उघडा, गेटबाइट्सने तुकड्यातुकड्याने वाचा. त्या मोडमध्ये कॉलम ज्या क्रमाने मागितलेत त्याच क्रमाने वाचायचे, मागे फिरता येत नाही. म्हणून क्रमांक आधी, फोटो शेवटी. तुकडा ८०,४०० बाइटचा घ्या.

पांझराकाठ
८०,४०० च का? शुभ आकडा आहे का काही?

मेहरूणची बोरं
८,०४० ची दहापट. लिहिताना तुकडा ८,०४० च्या पटीत ठेवा असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, पानाचा हिशोब मघाशी दिला. वाचताना तसा नियम नाही, पण मी दोन्हीकडे एकच माप वापरते. आणि डॉटनेटमध्ये ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठी ॲरे वेगळ्या ढिगात जाते, तिथली साफसफाई उशिरा होते. ८०,४०० त्याच्या आत बसतो. शुभच म्हणा.

केळीचं खोड
चार दिवसांनी येतोय. अडकलो आहे.

२५,१९३ फोटो बाहेर काढले. दोनेकशे उघडून बघितले, सगळे स्वच्छ दिसतात, पावतीवरचा आकडा न आकडा वाचता येतो. मग ताईंनी सांगितलं म्हणून डेटाबेसमध्येच हॅशबाइट्सने हॅश काढला आणि फाइलीच्या हॅशशी ताडला. एकही जुळत नाही. एकही! डोळ्यांना तोच फोटो, हॅश वेगळा. हॅशबाइट्स ८,००० बाइटच घेतो असं कुठेतरी वाचलं, त्याचा हा परिणाम आहे का?

मोडीवेडा
ती ८,००० ची अट २०१६ च्या आवृत्तीपासून काढली. तुम्ही २०१९ वर आहात, ते कारण नाही.

भुसावळ यार्ड
टोपी तपासा. फाइलीचे पहिले दोन बाइट एफएफ डी८ आहेत का?

केळीचं खोड
आहेत. दोन्हीकडे.

पांझराकाठ
मग शेपूट तपासा. फाइलींचे आकार सांगा पाच-सहा. आणि ८०,४०० ने भागून बघा.

केळीचं खोड
४,८२,४००. ४,०२,०००. ४,८२,४००. ५,६२,८००. ४,०२,०००.

अरे देवा.

पांझराकाठ
हं. माझे शर्ट ६५,५३५ ला कापले गेले होते, तुमच्या शर्टांना जास्तीचं कापड लागलंय. गेटबाइट्स किती बाइट खरोखर वाचले ते परत देतो. तुम्ही ते न बघता दर फेरीला अख्खी ८०,४०० ची बादली फाइलीत ओतताय. शेवटच्या फेरीत बादली पाव भरते, वरचं पाणी मागच्या फेरीचंच. जेपेग एफएफ डी९ आलं की संपतो, पुढचा कचरा कोणी वाचत नाही, म्हणून डोळ्यांना सगळं छान.

केळीचं खोड
तेच निघालं. एका ओळीची चूक. फोल्डर डेटाबेसपेक्षा जवळजवळ जीबीभर मोठं दिसत होतं, मी म्हटलं विंडोज काहीतरी वेगळं मोजत असेल.

भुसावळ यार्ड
लाजू नका. २००१ मध्ये व्हीबीत गेटचंकने तुकडे वाचायच्या फेऱ्यांत मी हेच केलं होतं, आणि हॅश काढायची अक्कल तेव्हा नव्हती. ते फोटो शेपटीसकट अजून कुठेतरी असतील.

केळीचं खोड
पुन्हा काढले. २५,१९३ पैकी २५,१९३ जुळले.

मग जुन्या टेबलातले फोटो पाचशे-पाचशेच्या टप्प्याने नल (रिकामे) केले, एका दमात करू नका असं ताईंनी निरोपात बजावलं होतं, लॉग फुगतो म्हणून. तरी डेटाबेसची फाइल जिथल्या तिथे, १० जीबी. आतली पानं मोकळी झाली, पण डिस्कला परत मिळाली नाहीत. कॉलम ड्रॉप केला, डीबीसीसी क्लीनटेबलने त्याची जागा मोकळी केली, मग फाइल आखडायला श्रिंकफाइल. बोचक्यांची पानं सरकवायला फार वेळ घेतो, रात्री नऊला लावलं, मध्यरात्री लाइट गेली, इन्व्हर्टरने पाऊण तास काढला. सकाळी पुन्हा लावलं, झालेलं काम वाया गेलेलं नव्हतं. शेवटी इंडेक्स नव्याने बांधले, श्रिंकने त्यांची पार विसकटून टाकली होती. आता फाइल १०० एमबीच्या आत आहे, बॅकअप पेन ड्राइव्हवर काही सेकंदांत जातो. फोटोंचं फोल्डर रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर, बॅकअप आधी डेटाबेसचा, मग फोल्डरचा.

पण एक नवंच निघालं. वेगळे हॅश २५,१४९ आहेत. म्हणजे ४४ फोटो दुसऱ्याची हुबेहूब नक्कल, बाइट न बाइट.

चुलीवरचं भरीत
आता खरी मजा. घोटाळा!

मेहरूणची बोरं
थांबा हो भरीत. खोडभाऊ, या जोड्या एकाच गाडीतल्या का वेगवेगळ्या गाड्यांतल्या? आणि लक्षात ठेवा, आता एका फाइलीकडे दोन ओळी बोट दाखवताहेत. एक ओळ पुसली म्हणून फाइल पुसू नका.

केळीचं खोड
४१ एकाच गाडीतल्या. घाईत पोराने पावतीचाच फोटो दोन्ही जागी जोडला. ते सोडून देऊ.

तीन जोड्या वेगळ्या गाड्यांच्या. गाडीचा नंबर वेगळा, शेतकरी वेगळा, वजन वेगळं, फोटो मात्र आधीच्या गाडीच्या पावतीचा. शेठ गंभीर झाले. काट्यावरच्या पोराला बोलावलं. तो रडकुंडीला. म्हणाला, कॅमेरा उघडला, तेवढ्यात फोन आला, मी मागे आलो आणि सेव्ह दाबलं, फोटो दिसत होता म्हणून वाटलं निघाला.

मी त्याच्यासमोर तसंच करून बघितलं. खरं बोलत होता. कॅमेरा रद्द केला की माझ्या कोडमध्ये मागच्या फोटोची बाइट-ॲरे रिकामी होत नव्हती. तीच जायची.

पांझराकाठ
पुन्हा बादली.

केळीचं खोड
पुन्हा बादली. पोराची माफी मी मागितली, शेठने त्याला चहा पाजला, मला नाही.

आता त्या तीन गाड्यांच्या पावत्यांचा फोटो कुठेच नाही. काट्यावर गेलो, त्यांच्या संगणकात दोन सापडल्या, पुन्हा छापून मिळाल्या. वजनं आमच्या नोंदीशी जुळतात. तिसरी त्या दिवशीची निघाली जेव्हा काट्यावर लाइट नव्हती आणि पावती हाताने लिहिली होती. त्यांच्याकडे तिची प्रत नाही.

मोडीवेडा
शेतकऱ्याकडे असेल. आमच्या घरात पणजोबांची सारापावतीसुद्धा आहे.

केळीचं खोड
आज सकाळी त्यांच्या मळ्यात जाऊन आलो. आजोबांनी आतून पत्र्याचा डबा आणला. पट्ट्या, पावत्या, खताची बिलं, सगळं रबर लावून वर्षवार. अर्ध्या मिनिटात हातात दिली. कागदाला हळदीचा डाग आहे, पण आकडे स्वच्छ, वजन आपल्या नोंदीशी जुळतं.

तिथेच बांधावर फोटो काढला. ३९१ केबी. हॅश नवा आला.